तपासणी पाच मिनिटांची, खेप दिवसाची



दर आठवड्याला आपण या जागी पिकांविषयी बोलतो. आज पिकवणाऱ्याविषयी बोलू. भाताला करपा लागला तर आपण दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात उभे असतो. बैल लंगडू लागला तर त्याच संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरांना निरोप जातो. आणि आपल्या स्वतःच्या पायाला मुंग्या येऊ लागल्या तर? "कापणी झाली की बघू," असे म्हणून आपण मोकळे होतो. हे बरे नाही.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट सांगतो. कामासाठी भिवंडीला गेलो होतो आणि दुपारच्या वेळी धामणकर नाक्यावर रिक्षाची वाट पाहत उभा होतो. ज्यांनी तो नाका पाहिला आहे त्यांना तिथली गर्दी सांगायला नको. कापडाच्या ताग्यांनी भरलेले टेम्पो, सूत वाहणाऱ्या गाड्या, रिक्षा, हातगाड्या आणि वर पावसाची रिपरिप. एवढ्यात पाठीमागून "साहेब!" अशी हाक आली. पाहतो तर पडघ्याकडचे माझ्या ओळखीचे एक भातशेतकरी आणि त्यांची कारभारीण. दादांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दवाखान्याची फाइल.

"काय दादा, इकडे कुठे?"

"साखरेच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायला आलो होतो. ही तिसरी खेप. आज डॉक्टरच आले नाहीत. आता पुढच्या आठवड्यात या म्हणाले."

"आणि गोळ्या?"

दादा गप्प. वहिनीच बोलल्या, "गोळ्या संपून महिना झाला, साहेब. आणायला जायचं तर दोघांचं गाडीभाडं, दोघांची मजुरी. शेतावर कोण बघणार?"

मी मनाशी हिशेब केला. डॉक्टरांपुढे बसायचे पाच मिनिटे. त्यासाठी पहाटे उठून निघायचे, दोन वाहने बदलायची, रांगेत उभे राहायचे, दोघांची मजुरी बुडवायची आणि अंधार पडता घरी परतायचे. एवढे करून डॉक्टर भेटले तर नशीब. अशा खेपा माणूस किती करील? एक करील, दोन करील, तिसरीनंतर औषध सोडून देईल. औषध सोडण्यात त्याचा आळस नसतो, त्याचा खिसा रिकामा झालेला असतो. पण मधुमेहाला आपल्या खिशाची कणव नाही. तो आतल्या आत आपले काम करीतच राहतो, खोडकिडीसारखा. वरून धाट हिरवे दिसते आणि एक दिवस पोंगा हाताने उपटून येतो.

गावातच मोठे डॉक्टर?

मी दादांना विचारले, "तुमच्या गावच्या उपकेंद्रात सिस्टर आहेत ना? त्यांच्याकडून मोठ्या डॉक्टरांशी बोलता येते, हे ठाऊक आहे का?"

दादा हसले. "टीव्हीवरचा डॉक्टर ना? हात न लावता त्याला काय कळणार?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मी माझ्याच धंद्यातून दिले, तेच तुम्हालाही सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत शेतकरी खिशात कोमेजलेले पान घेऊन माझ्याकडे यायचे. पुढे फोन आले. २००४ साली सरकारने किसान कॉल सेंटर सुरू केले. फोनवर शेतकरी सांगतो, "भात पिवळे पडले." आता भात पिवळे पडण्याची कारणे किती? नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने आधी पिवळी होतात. जस्त कमी पडले तर पानांवर तांबूस गंजासारखे ठिपके येतात. तुडतुडे लागले तर बुंध्याशी बसून रस शोषतात आणि खाचरात गोल चट्टे पडून भात करपल्यागत दिसते. नुसत्या "पिवळे" या शब्दावर औषध सांगणारा फसतो आणि ऐकणाराही फसतो. पण तोच फोन बांधावर उभ्या असलेल्या कृषी सहायकाने केला तर? तो बुंधा फाकवून पाहतो, पान उलटे करून पाहतो आणि सांगतो, "साहेब, जुनी पाने पिवळी आहेत, बुंध्याशी कीड नाही, खाचरात पाणी साचलेले आहे." मग पन्नास मैलांवरच्या शास्त्रज्ञालाही बरोबर सल्ला देता येतो.

उपकेंद्रातील सिस्टरचे काम हेच. डॉक्टर लांब असतात, पण त्यांचे डोळे आणि हात तुमच्या शेजारी बसलेले असतात.

ही सोय आली कशी?

टेलिमेडिसिन, म्हणजे दुरून वैद्यकीय सल्ला, ही गोष्ट आजची नाही. आंध्र प्रदेशातील अरगोंडा या खेड्यातला दवाखाना २००० साली चेन्नईच्या तज्ज्ञ डॉक्टरांशी जोडला गेला. त्यानंतर आपल्या इस्रोने उपग्रहाच्या मदतीने ठिकठिकाणची रुग्णालये जोडायला घेतली. महाराष्ट्रातही मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय मध्यवर्ती ठेवून जिल्हा रुग्णालयांना तज्ज्ञांचा सल्ला मिळू लागला. काम चांगले होते, पण सोय जिल्ह्याच्या गावी होती. खेड्यातल्या रोग्याला जिल्ह्यापर्यंतची खेप चुकली नाही.

ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाला. केंद्र सरकारने 'ई-संजीवनी' ही सेवा सुरू केली. तिची संगणक यंत्रणा सी-डॅक या सरकारी संस्थेच्या मोहालीच्या शाखेने तयार केली. हिचे दोन भाग आहेत. पहिला उपकेंद्रातून चालतो. सिस्टर रोग्याला समोर बसवून मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांशी जोडून देतात. दुसरा एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत सुरू झाला. त्यात घरबसल्या आपल्याच मोबाइलवरून डॉक्टरांशी बोलता येते. फेब्रुवारी २०२३ पर्यंत देशभरात या सेवेतून १० कोटींहून अधिक वेळा सल्ला दिला गेला होता आणि तो घेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक महिला होत्या. यात मला नवल वाटले नाही. घरातले सगळे आटोपल्याशिवाय घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या आपल्या आयाबहिणींना गावातली सोयच उपयोगी पडते.

आपल्याकडे सपाटीवर साधारण ५,००० लोकवस्तीला आणि आदिवासी, डोंगराळ भागात ३,००० लोकवस्तीला एक आरोग्य उपकेंद्र असावे, असा दंडक आहे. अशा पुष्कळ उपकेंद्रांवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी दिसते. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमलेले असतात. ते नर्सिंग शिकलेले किंवा आयुर्वेदाचे पदवीधर असतात आणि त्यांनी सहा महिन्यांचे खास प्रशिक्षण घेतलेले असते. गावात त्यांना कोणी सिस्टर म्हणते, कोणी मॅडम. नाव काही घ्या, पण त्यांच्याकडे जा.

बूट काढा, बाबा

पुढच्या आठवड्यात त्याच गावी शिवारफेरी होती. फेरी आटोपल्यावर दादांना आणि वहिनींना घेऊन मी उपकेंद्रात गेलो. पाहिले ते जसेच्या तसे सांगतो.

सिस्टरनी आधी नाव, वय आणि मोबाइल नंबर लिहून घेतला. दादांना पाच मिनिटे स्वस्थ बसवले. मग रक्तदाब पाहिला, वजन घेतले, बोटाला सुई टोचून साखर तपासली. साखर २८० च्या पुढे. "जेवून किती वेळ झाला? गोळी शेवटची कधी घेतली? तंबाखू खाता का?" असे एकेक विचारून त्या लिहीत गेल्या. मग म्हणाल्या, "बूट काढा, बाबा."

दादांच्या पायात भातलावणीपासून वापरलेले प्लास्टिकचे बूट. ते म्हणाले, "पायाला काही नाही, सिस्टर. दुखत नाही."

"दुखत नाही म्हणूनच बघायचं आहे."

बूट निघाला. अंगठ्याच्या शेजारच्या बोटाखाली एक जखम होती. कडा पांढऱ्या पडलेल्या, वास येत होता. चिखलात कधी काय टोचले ते दादांना कळलेच नव्हते. साखर फार दिवस वाढलेली राहिली की पायाची संवेदना मरते. मग काटा टोचला तरी समजत नाही. धामणकर नाक्यावर माझ्याशी बोलत उभे होते तेव्हाही ही जखम त्या बुटात असणार.

सिस्टरनी संगणकावर डॉक्टरांना जोडायला घेतले. दोनदा जोडणी तुटली. पावसाने टॉवर कुरकुरत होता. तिसऱ्या वेळी चित्र आले. पलीकडे मोठ्या रुग्णालयातले फिजिशियन होते. सिस्टरनी आकडे सांगितले, जखम पडद्यावर दाखवली. डॉक्टरांनी सांगितले तसे पावलावर दोन ठिकाणी हात ठेवून नाडी पाहिली, जखमेच्या भोवतीची कातडी गरम आहे का ते सांगितले, दादांना डोळे मिटायला लावून पावलाला हलकेच स्पर्श केला आणि कुठे कळते, कुठे कळत नाही ते पाहिले. तपासणारे हात सिस्टरचे होते आणि विचारणारे डोके डॉक्टरांचे.

मग डॉक्टर दादांशी थेट बोलले. "बाबा, साखरेचं औषध मी लिहून देतो, पण ही जखम पडद्यावरून बरी होणार नाही. आजच सर्जनना दाखवायला हवी. उद्या नाही, आजच." सिस्टरनी औषधाची चिठ्ठी आणि पुढच्या रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी हातात दिली. तिथे फोनही केला.

म्हणजे शेवटी खेप करावी लागलीच. पण या खेपेत आणि आधीच्या तीन खेपांत फरक होता. कुठे जायचे, कोणाला भेटायचे आणि कशासाठी, हे लिहून दिलेले होते आणि पलीकडे माणूस वाट पाहत होता. दादांच्या बोटाचा थोडा भाग काढावा लागला. पाऊल वाचले. आणखी आठ-पंधरा दिवस गेले असते तर काय झाले असते, ते सर्जननी त्यांना ऐकवले. ते इथे लिहीत नाही.

वहिनींचीही गोष्ट सांगायची राहिली. त्या नुसत्याच सोबत आल्या होत्या. सिस्टर म्हणाल्या, "आला आहात तर तुमचाही रक्तदाब बघू." जन्मात प्रथमच कोणी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. दाब बराच वाढलेला निघाला. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिला, तरी वाढलेलाच. गुडघे दुखतात म्हणून त्या वर्षभर दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज खात होत्या. डॉक्टरांनी त्या आधी बंद करायला सांगितल्या. अशा गोळ्या रोज खाल्ल्याने रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडालाही इजा होते.

नमुना खरा तर निदान खरे

माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यायचा, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितले आहे! बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची माती घ्यायची नाही. शेतात आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा घेऊन, सगळी माती एकत्र करून, त्यातली अर्धा किलो पाठवायची. नमुना चुकला तर प्रयोगशाळा कितीही मोठी असो, अहवाल चुकणारच. दुरून घ्यायच्या वैद्यकीय सल्ल्याचेही तसेच आहे. म्हणून उपकेंद्रात जाताना एवढे ध्यानात ठेवा :

१. रक्तदाब पाहण्याआधी पाच मिनिटे शांत बसा. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नको. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, दंड उघडा, हात छातीच्या पातळीवर आणि तोंड बंद. धावत येऊन लगेच पाहिलेला दाब खोटा असतो.

२. उपाशीपोटी साखर पाहायची असेल तर सकाळी चहासुद्धा घेऊ नका. खाल्ले असेल तर तसे सांगा. लपवण्यात तोटा तुमचाच.

३. घरात असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या, रिकामे पत्ते, जुन्या चिठ्ठ्या आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत घालून न्या. झाडपाल्याचे औषध चालू असेल तर तेही सांगा.

४. त्रास कधीपासून, कशाने वाढतो, कशाने कमी होतो, हे घरीच आठवून ठेवा. शक्य तर मुलाकडून कागदावर लिहून घ्या.

५. एखाद्या औषधाने अंगावर पित्त उठले असेल किंवा बाई गरोदर असेल, तर ते विचारण्याआधीच सांगा.

६. मधुमेह असेल तर पाय धुऊन जा आणि ते आपणहून दाखवा.

डॉक्टरांशी बोलताना लाजू नका. समजले नाही तर पुन्हा विचारा. गोळी जेवणाआधी की नंतर, किती दिवस, पुन्हा कधी दाखवायचे, हे सिस्टरकडून दोनदा वदवून घ्या. उपकेंद्रात असलेली औषधे तिथेच मिळतात. नसलेले औषध कुठे मिळेल, तेही विचारा. मार्च २०२० मध्ये केंद्राने या कामाचे नियम घालून दिले आहेत. त्यानुसार औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी अनोळखी माणूस 'मी डॉक्टर' म्हणून औषध सांगू लागला आणि पैसे मागू लागला तर त्याच्या नादी लागू नका. ई-संजीवनीच्या सल्ल्याला पैसे पडत नाहीत.

पडद्यापुढे बसायची वेळ नसते तेव्हा

ही सोय कितीही चांगली असली तरी काही वेळा पडद्यापुढे बसणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. छातीत कळ येऊन घाम फुटला, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले, वाचा गेली, श्वास लागला, झटके आले, रक्त थांबेना, तर सरळ १०८ ला फोन करून गाडी बोलवा. बाळंतिणीच्या आणि तान्ह्या बाळाच्या गाडीसाठी १०२ क्रमांक आहे.

साप चावला तर आवळपट्टी बांधू नका, चिरा मारू नका, तोंडाने चोखू नका. चावलेला हात किंवा पाय न हलवता, रोग्याला न चालवता, जिथे सर्पविषावरची लस आहे त्या दवाखान्यात न्या. मण्यार रात्री अंथरुणात चावते आणि फारसे दुखतही नाही. म्हणून पहाटे डोळ्यांच्या पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर साप दिसला नसला तरी थांबू नका.

फवारणी करताना विषबाधा झाली तर कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी डॉक्टरांकडे घेऊन जा. कोणते विष, हे कळले तर उपाय लवकर होतो.

आणि खाचरात काम करून ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर तो साधा ताप समजून अंगावर काढू नका. तो लेप्टोचा असू शकतो. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा आणि "मी चिखलात काम करतो," हे डॉक्टरांना सांगा.

सिस्टरला कमी लेखू नका

शेवटी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपल्याकडे अजून पुष्कळ लोक म्हणतात, "ती तर नर्स. तिला काय कळतंय?" हा समज सोडा. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावच्याच बायकांना शिकवून आरोग्याचे काम उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूतांच्या हातून नवजात बाळांचे प्राण वाचवून दाखवले. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात विंचूदंशाच्या रोग्यांच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी करीत राहिले. त्या कामातून प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे मृत्यू टाळता येतात, हे पुढे आले आणि जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या खाटेशी बसून नीट पाहणारा माणूस शहरातल्या तज्ज्ञाला शिकवूही शकतो, तो असा. आपल्या सिस्टर दंडाला पट्टा बांधतात तेव्हा त्याच वाटेने जात असतात.

मात्र अडचणी नाहीत असे मी म्हणणार नाही. कधी जोडणी मिळत नाही, कधी डॉक्टर दुसऱ्या रोग्यात गुंतलेले असतात, कधी एकट्या सिस्टरकडे लसीकरणाचाही दिवस असतो. म्हणून आशाताईंकडून वार आणि वेळ विचारून जा. तुमच्या उपकेंद्रात संगणक नुसता झाकून ठेवलेला असेल, तर ग्रामसभेत उभे राहून विचारा. विहिरीवर पंप बसवला आणि वीजच जोडली नाही तर आपण गप्प बसतो का? मग इथेही गप्प बसू नका.

दादा परवा भेटले. कापणी मुलगा आणि सून पाहत आहेत. ते स्वतः बांधावर, पायात मोजे आणि बंद जोडा घालून बसले होते. म्हणाले, "साहेब, दर महिन्याला उपकेंद्रात जातो. सकाळी जातो, न्याहारीला घरी परत. रोज रात्री ही माझे पाय बघते, कंदिलात वात बघावी तशी." मी वहिनींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "आणि माझी गोळी हे आठवण करून देतात."

बंधू-भगिनींनो, आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो, असे आपले वाडवडील सांगत. पण रक्तदाब आणि मधुमेह हे येतातही मुंगीच्याच पावलाने. म्हणून ते येताना दिसत नाहीत. ते दिसावेत यासाठी कोणी तरी जवळून पाहावे लागते. या आठवड्यात एवढे करा. घरात तिशी ओलांडलेले जे कोणी असतील, त्यांना, आणि विशेषतः घरच्या बाईला, एकदा उपकेंद्रात नेऊन रक्तदाब आणि साखर पाहून घ्या. भात आणखी चार दिवस उभे राहील, त्याची काळजी नको.

पुढच्या आठवड्यात भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल कसा घ्यावा, ते पाहू. तोवर रामराम.